पैकीच्या पैकी

हेडमास्तर निवृत्त झाले तरी त्यांचा घरातला वर्ग सुटला नव्हता. विद्यार्थिनी एकच, बायको. तीही लग्नापासून एकाच इयत्तेत नापास.

म्हातारपणी मेंदूचं काय होतं हे तपासणाऱ्या मंडळींनी मास्तरांना एक मोबाईल दिला होता. सकाळी त्यावर काही शब्द यायचे, ते संध्याकाळी आठवून लिहायचे. पहिल्याच दिवशी संध्याकाळी मास्तरांची पाटी कोरी. पण कबूल करतील तर ते मास्तर कसले! दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोबाईल बायकोपुढे ओट्यावर ठेवला.

"अगं, हे पाठ करून ठेव. तेवढं तरी जमेल ना?"

तिनं भाजी निवडता निवडता पाठ केले. संध्याकाळी तिनं सांगितले, त्यांनी लिहिले आणि मिशीवरून हात फिरवला. मग ते रोजचंच झालं.

अशात तिच्या एकट्या राहणाऱ्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं.

"महिनाभर जाणार? मग माझं काय?"

"डबा लावलाय."

"डब्याला शब्द येतात का?"

दुसऱ्या दिवशी दोघं तपासणीला गेले. दवाखान्यात मोबाईलवाल्या मंडळींतल्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो पडद्यावर लावला. "सर, आठवणीचा भाग बराच आक्रसलाय. पण मोबाईलवर बघा, पैकीच्या पैकी. कमाल आहे."

"वाचन," मास्तर म्हणाले. "दांडगं वाचन."

वाचन कसलं डोंबलाचं. पेपरात रोज कोण गेलं तेवढं बघायचे. आणि या बाई! खोलीएवढं मशीन घेऊन कवटीच्या आत डोकावल्या, पण मोबाईल कुणाच्या ओट्यावर पडलेला असतो, हे विचारायची अक्कल नाही.

"औषधाची घाई नको. वर्षभर हेच चालू ठेवा. काकू, यांचा नेम मोडू देऊ नका."

वर्षभर. बहिणीचा डोळा काय वर्षभर थांबणार होता?

"अहो," ती म्हणाली, "आज सकाळचे शब्द सांगा की यांना."

मास्तरांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला. मग सवयीनं तिच्यावरच खेकसले, "अगं, सांग ना. मिठाची गुळणी धरलीस का?"

डॉक्टरीणबाईंनी हातातला पेन खाली ठेवला.

"छत्री, डोंगर, सुई, कुलूप, चिमणी." तिनं पिशवी खांद्याला लावली. "औषध यांना आजच सुरू करा. ते मार्क माझे होते. मी उद्या बहिणीकडे चाललेय."

"आणि संध्याकाळी मी काय लिहू?" मास्तरांनी विचारलं.

"नापास व्हा. मला सवय झाली, तुम्हालाही होईल."