शेवटची ओळ

समजा, मुलांनो, तुम्ही नाटकाच्या विंगेत काळोखात उभे आहात. हलायचं नाही, शिंकायचं नाही. राहिलात उभे? मग आता रंगमंचावर खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या त्या म्हाताऱ्या नटाकडे बघा.

चाळीस वर्षं त्याने नाटका-सिनेमांत बारीकसारीक कामं केली. कधी पोस्टमन, कधी न्यायाधीश, कधी नायकाचा बाप. रस्त्यात लोक थांबवून म्हणत, "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय हो! बँकेत होतात का?"

तो हसून म्हणे, "होतो की. दोन प्रवेश."

पण हल्ली पाठांतर दगा देऊ लागलं होतं. कालच्या प्रयोगात तो दोनदा अडखळला. आज मिशी चिकटवत असताना दिग्दर्शक आला.

"काका, राग मानू नका. आज पुन्हा अडलात, तर उद्यापासून दुसरा माणूस उभा करावा लागेल. त्याचं पाठ झालंय सगळं."

"बरं," तो म्हणाला. पण मिशी वाकडी चिकटली, ती काढून पुन्हा लावावी लागली.

दुसऱ्या अंकात त्याला एक पत्र वाचायचं होतं, भांडून घर सोडून गेलेल्या मुलाचं. आजवर अशी कितीतरी पत्रं त्याने कोऱ्या कागदावरून घडाघडा वाचली होती. आज पहिल्यांदाच त्याने सगळा मजकूर मोठ्या अक्षरांत लिहून पाकिटात ठेवला होता. चोरी केल्यासारखं वाटत होतं. हे ठाऊक होतं फक्त त्याच्या नातीला. नाटकात घरातली छोकरी तीच होती आणि घरी त्याचं पाठांतरही तीच घ्यायची.

"आजोबा, तुम्ही मधलंच विसरता. शेवट कध्धीच नाही," ती म्हणायची.

शेवट होता, 'दार उघडं ठेवा. मी येतोय.'

नातीने पाकीट आणून दिलं. त्याने कागद उलगडला.

कोरा!

सामान सांभाळणारा माणूस भारी टापटिपीचा. शाईने बरबटलेला कागद दिसला, त्याने बदलून टाकला.

"बाबा, तुम्हाला आश्चर्य वाटेल..." पहिली ओळ निघाली. पुढे अंधार. प्रॉम्प्टर होता पार दुसऱ्या टोकाला. त्याने आवाज दिला असता, तर आधी प्रेक्षकांनीच ऐकला असता. पहिल्या रांगेत दिग्दर्शक पुढे वाकला. म्हाताऱ्याने कागद उलटून पाहिला. मागूनही कोराच.

पत्र देऊन नातीने आत जायचं, दार लावून घ्यायचं, असं ठरलेलं. ती दारापर्यंत पोचली होती. तिथून ती वळली.

"आजोबा, रडू नका ना. द्या इकडे, मी वाचते."

तोवर तो रडत नव्हता.

तिने कोरा कागद डोळ्यांसमोर धरला आणि वाचू लागली. अक्षर न् अक्षर बरोबर. तो जिथे श्वास घ्यायचा, तिथे तीही थांबत होती.

शेवटच्या ओळीपाशी ती एकदम गप्प झाली. म्हाताऱ्याला वाटलं, विसरली की काय पोरगी?

तिने कागद त्याच्या हातात परत दिला, तळाच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"एवढी तुम्ही वाचा."

आणि ठरल्याप्रमाणे ती आत निघून गेली. दार मात्र तिने उघडंच ठेवलं.