फटफटीच्या नटाला नारळाचं पाणी

मी मागच्या चाकाचा नट बोलतोय. जन्म विलायतेचा, संसार नाशकातला. देवळालीच्या छावणीतला साहेब मायदेशी निघाला, त्याची जुनी फटफटी यादवरावांनी घेतली, आणि तिच्यासोबत मीही भद्रकालीत नांदायला आलो.

साहेब मला तेल द्यायचा, पण देव मानत नव्हता. इथे देवपण आलं आणि तेल गेलं. दर खंडेनवमीला यादवरावांच्या आई, सावित्रीबाई, चाकापाशी नारळ फोडायच्या, आणि पाणी नेमकं माझ्या डोक्यावर. भक्ती अशी मुरली की मी गंजून जागीच चिकटलो.

एके सकाळी त्र्यंबकहून निरोप आला, सावित्रीबाईंची धाकटी बहीण गोजराबाई आता फार दिवस काढत नाही. दोघी भांडून वर्षानुवर्षं अबोल. "तिच्याशी बोलल्याबिगर तिला जाऊ द्यायची नाय," म्हणत सावित्रीबाई फटफटीला जोडलेल्या बाजूच्या डब्यात बसल्या. तेवढ्यात मागच्या चाकातली हवा गेली. आता चाक काढायचं, म्हणजे आधी मला काढायचं.

खाजा मिस्त्री आला. त्याने घासलेट पाजलं, पान्हा लावला. पान्हा सटकून सटकून मी लाडवासारखा गोल झालो, पण हललो नाही. सुंभ जळाला तरी पीळ जातो का?

"यादव, टांगा केला असता तर एव्हाना पोचले असते मी."

"दारात फटफटी असताना टांगा? लोक हसतील, आई."

"मग आता काय रडत्यात व्हय?"

खाजाने घाम पुसला. "माँजी, छिन्नीने फोडावा लागेल."

"पुजलेला हाय तो."

"पुजलाय म्हणून तर बसलाय."

सावित्रीबाई उतरल्या, मला चिमूटभर कुंकू वाहिलं, हात जोडले. "खाजा, घाल घाव."

मी दुभंगलो. माझ्या जागी दुसरा नट लागला, आणि फटफटी त्र्यंबकच्या रस्त्याला गेली.

पुढचं यादवरावांनीच येऊन खाजाला सांगितलं. "मावशीनं डोळे उघडले, म्हणाली, 'आत्ता सुचलं व्हय तुला?' आई म्हणाली, 'नट अडला.' 'तुझं नेहमीच काहीतरी अडतं.' झालं, जुंपली दोघींची. भांडायला म्हणून मावशी उठून बसली, पेज मागितली. आई काही परत यायचं नाव घेत नाही."

आता मी खाजाच्या डब्यात दोन तुकड्यांनी पडून असतो. बाबांनो, खुशाल पुजा, पण पुजाल त्याला तेलाचं बोटही लावत जा. मी फुटून का होईना, सुटलो. त्या दोघींचं भांडण तेवढं कुणी इतक्यात सोडवू नका.