श्वासाची जागा

फोनचं कव्हर चिकट झालं होतं. गुलाबी रबर, वरच्या दोन कोपऱ्यांना मांजराचे कान, आणि एका कानाच्या खाचेत कपड्यांची लव, एक लांब केस, आणखी कसलातरी करडा मळ... दिवसभर दुसऱ्यांच्या कॉलरी आणि काखा हाताळणाऱ्या माणसाला खरं तर कशाची शिसारी यायला नको, पण हे कव्हर हातात घेतलं की त्याची बोटं आपोआप फाकत. साबणाच्या एका थेंबाचं काम होतं. तो थेंब त्याने अजून टाकला नव्हता. केस कोणाचा, हे त्याला माहीत होतं.

रोजच्यासारखा त्याने फोन खळीच्या डब्याला टेकवून उभा केला आणि बायकोने लावून ठेवलेली गाण्यांची रांग सुरू केली. आवाज अगदी बारीक. बंद नाही, बारीक – हा तिचा नियम. ती गेल्यावरही लाँड्रीचं शटर वर गेलं की आधी बॉयलर, मग दिवा, मग हे, दात घासावेत तसं. पडद्यावर ती जपानी गाणारी आली, मान तिरकी करून हसली. बायको तिला चिमणी म्हणायची. तो म्हणायचा बाहुली, तेही चारचौघांत असला तर.

आवाज बंद केलेला का चालत नाही, हे त्याने एकदा विचारलं होतं.

“बंद केला की ते धरत नाहीत.”

“कोण धरत नाही?”

“मोजणारे. किती लोकांनी बघितलं ते मोजतात ना.”

“निवडणुकीला उभी आहे का ती?”

“तुम्ही गप्प इस्त्री करा.”

जगभरातल्या बायाबापड्या आपापल्या स्वयंपाकघरात, दुकानात असे बारीक आवाजाचे फोन लावून ठेवतात, कोणी ऐकत नसलं तरी, तिकडे दूर त्या पोरीचा आकडा वर चढावा म्हणून – हे कळल्यावर त्याला मनापासून किळस आली होती. देवापुढे दिवा लावून देव्हाऱ्याकडे पाठ करून बसण्यातला प्रकार. आणि ते व्हिडिओ तरी कसले! दरवेळी पांढरा फ्रॉक, आणि दरवेळी त्यावर काहीतरी सांडलेलं. कधी रंग, कधी केकचं क्रीम, एकदा तर शाईने भरलेल्या टबात ती तशीच, फ्रॉकसकट उतरली. शाई! रेशमावर! धुणाऱ्याच्या नावाने आंघोळच की. तो तिथेच चिडायचा आणि बायको हसून हसून डोळे पुसायची. “तुम्ही गाणं बघता की धुणं?”

धुणंच बघत होतो. मला दुसरं काय दिसणार.

शटर वर जाऊन थोडा वेळ झाला असेल, मुलगी आली. कामावर जाता जाता डोकावण्याची तिची पद्धत होती. आत यायची नाही, काउंटरवर कोपर टेकवून उभी राहायची आणि बापाचं तोंड तपासायची.

“बाबा, जेवलास का रात्री?”

“जेवलो.”

“काय?”

“जेवण.”

ती हसली नाही. तिने हात लांब करून फोन उचलला, बोटाने काहीतरी वरखाली केलं. “चिमणीचं नवीन गाणं आलंय, बघितलंस? आईने तर पहिल्या दिवशी दिवसभर लावलं असतं. रांगेत टाकते. शेवटी टाकते, लगेच नाही येणार.”

“नको.”

“अरे, एक गाणं तर आहे.”

“काढ ते.”

“तूच काढ,” ती म्हणाली आणि फोन जागेवर ठेवला. तिचा आवाज एवढासा झाला होता. “मला नाही तिच्या रांगेतून काही काढवत.” मग ती गेली.

त्यालाही ते काढायला जमत नव्हतं. कुठे दाबायचं हेच माहीत नव्हतं. रांगेतली एकूण एक गाणी बायकोने ऐकलेली होती. ही गोष्ट त्याने कधी कोणाला सांगितली नव्हती, पण दुकान त्यावर चालत होतं. ही गाणी तिने ऐकलीत, आता मी ऐकतोय, बास, तेवढं पुरे. आणि आता शेवटी एक असं येणार की जे तिने ऐकलेलं नाही. त्याच्या पलीकडे मी एकटा. बाहुलीला काय, ती आणखी दहा काढेल, विसाव्या गाण्यात आणखी कशात तरी लोळेल... तिला कोणी सांगितलं नाही की एक जण कमी झाली. आकड्यात तर झालीच नाही. मीच भरतोय.

शेवटचं गाणं यायच्या आत फोन बंद करायचा, असं त्याने ठरवलं.

दुपार कलायला लागली तेव्हा वकीलबाई धावत आल्या. काळा कोट हातावर, छातीपाशी तेलकट डाग.

“काका, कोट वाचवा. आत्ताच हवा. नाहीतर आज मला माझीच बाजू मांडावी लागेल.”

“काय सांडलंय?”

“सूप. माझं नाही, अशिलाचं. केस हरल्यावर हात थरथरतात लोकांचे.” मग त्यांची नजर फोनकडे गेली. “वहिनींची चिमणी ना ही? अजून गाते?”

“तिला काय धाड भरली आहे न गायला?”

वकीलबाईंनी कोट काउंटरवर ठेवला. “कोपऱ्यावर चहा पिऊन येते,” म्हणाल्या आणि गेल्या.

त्याने कोट फळीवर पसरला, खाली पांढरं फडकं सरकवलं, डागावर औषध लावलं. हे काम एकदा सुरू केलं की मध्ये सोडता येत नाही. ओल बाहेरच्या बाजूने आत ओढत आणायची, ओली कडा विरत विरत सुकेपर्यंत हात फिरता ठेवायचा. थांबलात की जिथे थांबलात तिथे कडं उमटतं, आणि डागापेक्षा कडं वाईट. दोन्ही हात ओले, नाकात औषधाचा वास. आणि डब्याला टेकलेल्या फोनमध्ये अनोळखी एक ठोका सुरू झाला.

हात सोडता येईना. फोन दोन हात लांब.

त्याने बघायचं नाही असं ठरवलं, पण कानांना झाकण नसतं. ती गायला लागली. हॉस्पिटलात बायको त्याच्या कानात इअरफोनची एक बुंडी कोंबायची, तिच्याच कानातून काढलेली, गरम, जराशी ओशट, त्याला ते नको व्हायचं – आणि विचारायची, सांगा कुठलं गाणं. तो म्हणायचा, सगळी सारखीच. “तुम्हाला देवाने कान दिलेच नाहीत, नुसतं नाक दिलंय.” मग ती बोट वर करायची. थांबा, आता ऐका... मोठं ध्रुवपद सुरू होण्याआधी ती चिमणी एक श्वास घ्यायची, छोटासा, चोरटा, ओझं घेऊन जिना चढणारं माणूस वळणावर घेतं तसा. प्रत्येक गाण्यात. बायकोचं बोट तेवढ्यासाठी वर जायचं, आणि शेवटी शेवटी, बोलणं बंद झाल्यावरही, चादरीवर ते एक बोट उचललं जायचं. तो बुंडी पुसून परत तिच्या कानात घालायचा. पुसायचा, हे तिने पाहिलं असेल का...

गाणं वर चढत गेलं. आता.

श्वास आलाच नाही. ध्रुवपद सरळ येऊन आदळलं, गुळगुळीत, कुठे सांधा नाही की सुरकुती नाही. कोणीतरी तो श्वास काढून टाकला होता. डाग समजून. डाग काढता काढता कापडच खाल्लं होतं नालायकांनी, आणि वर ती हसत होती, केस नवे, फ्रॉक पांढराशुभ्र, त्यावर काही म्हणजे काही सांडलेलं नाही.

“बिघडवलं,” तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला. “पार वाट लावली.”

हा संताप रोजचा नव्हता. रोजची किळस बाहेर उभं राहून नाक मुरडायची. ही आतली होती, घरच्या माणसाने मान खाली घालायला लावावी तशी. तुला येतं की. इतकी वर्षं घेत होतीस की तो श्वास. एवढं सगळं, शब्दान् शब्द, जिभेवर तयार होतं, आणि ज्या एका माणसाशी यावर भांडता आलं असतं, ते म्हणालं असतं – अहो, तुम्हाला कधीपासून कळायला लागलं?

त्याने खाली पाहिलं. हात थांबलेला होता. कधी थांबला होता, ते त्याला नेमकं ठाऊक होतं. काळ्या कोटावर एक फिकट कडं सुकत चाललं होतं, नीट, गोल. हे पुन्हा ओलं करून पहिल्यापासून ओढावं लागणार, आणि वकीलबाई रस्ता ओलांडताना दिसत होत्या.

गाणं संपलं. त्याने ओल्या हातानेच फोन उचलला. चिकट रबर तळव्याला बसलं आणि त्याने बोटं फाकली नाहीत. आपल्यालाच ऐकू आलं नसेल, बॉयलरची वाफ सुटली असेल नेमकी त्याच वेळी. वाफ सुटली नव्हती. त्याने गाणं पुन्हा सुरुवातीला नेलं, आवाज वाढवला, बाहेरपर्यंत जाईल एवढा, आणि फोन कानाजवळ धरून, दात आवळून, तो त्या जागेची वाट बघत उभा राहिला.