हात स्थिर आढळला

घड्याळजींनी विमान कंपनीचं पत्र तिसऱ्यांदा वाचलं आणि टेबलावर आपटलं. आपटायला डावा हात वापरावा लागला, त्याचा राग आणखी वेगळा.

पत्रात लिहिलं होतं की शरीराला इजा झाल्याचा पुरावा नाही, हाताचा कंप मानसिक धक्क्याने आलेला दिसतो, आणि आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे निव्वळ मानसिक त्रासाची जबाबदारी कंपनीवर येत नाही.

"म्हणजे हात माझा, पण थरथरवतंय मन, आणि मनाचं तिकीटच काढलं नव्हतं!" घड्याळजी कडाडले. "अरे, मन काय घरी खुंटीला टांगून गेलो होतो मी?"

समोर वकील मेहुणा बसला होता, बायकोचा धाकटा भाऊ. आपलाच माणूस म्हणून केस घेतली आणि तेव्हापासून त्याच्या नाकी नऊ आले होते. "भाऊजी, नियमच तसा आहे. विमानात अपघात होऊन शरीराला लागलं, तर कंपनी सुटत नाही. नुसतं मनाला लागलं, तर सुटते. आणि आपलं घोडं अडलंय ते तुमच्याच पराक्रमामुळे."

पराक्रम असा, की परदेशातल्या लेकीला भेटून परतताना विमान एकदम खाली कोसळल्यासारखं झालं, वरचा कप्पा उघडला आणि कुणाची तरी जडशीळ बॅग घड्याळजींच्या उजव्या हातावर आली. अंगठा पार उलटा वळला. दुसरा कुणी असता तर विमान डोक्यावर घेतलं असतं. यांनी रुमाल गुंडाळला, दात आवळले आणि अंगठा ओढून आपला आपणच जागेवर बसवला! चाळीस वर्षं लोकांची बिघडलेली यंत्रं जागेवर बसवणारा माणूस स्वतःच्या हाताला कसा सोडेल? हवाई सुंदरी फॉर्म घेऊन विचारायला आली तर म्हणाले, "काही नाही, झालं दुरुस्त." तिने तेच लिहून घेतलं आणि यांनी खाली सही ठोकली.

आठवड्याभरात हात थरथरायला लागला. एक्स-रे स्वच्छ. नसांचे डॉक्टर म्हणाले, नस दुखावली असावी, मनानेही धसका घेतला असावा, दोन्ही एकात एक गुंतलंय. वर्षभर नीट उपचार झाले तर हात परत येईल. ते उपचार या घराच्या आवाक्याबाहेरचे होते. कंपनीने जबाबदारी घेतली तर हात, नाही तर भाड्याच्या दुकानाला कुलूप, इतकं सरळ होतं सगळं. त्यात दावा लावायची दोन वर्षांची मुदत संपत आलेली.

मेहुण्याने पत्रांमागून पत्रं धाडली, फोनवर घसा कोरडा केला, तेव्हा कुठे कंपनी एवढ्यावर आली: आमचे डॉक्टर एकदा तपासतील, त्यांनी नस दुखावल्याचं म्हटलं तर मान्य.

"हात जसा थरथरतो तसा थरथरू द्यायचा," तपासणीच्या दिवशी दाराशी मेहुण्याने बजावलं. "वाढवायचा नाही, लपवायचा नाही."

"मी काय तुला नाटक्या वाटलो?"

"तुम्ही उलटं नाटक करता भाऊजी, त्याचीच भीती आहे."

कंपनीचे डॉक्टर निघाले भले गृहस्थ, डाव वगैरे काही नाही. पांढऱ्या टेबलावर एक उघडं घड्याळ, चिमटा आणि भिंग, कोपऱ्यात कॅमेरा. "तुमचं रोजचंच काम," ते म्हणाले. "हे चाक काढून परत बसवा. जमेल तेवढंच करा."

घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं आणि त्यांचं टाळकं सरकलं. स्क्रूचं डोकं खरवडलेलं, केसाएवढी बारीक स्प्रिंग एका अंगाला ओढलेली.

"कुठल्या गाढवाने हात घातलाय यात?"

डॉक्टर बावरले. "आमच्याच एका तंत्रज्ञाने जोडलंय ते."

मग काय! कंपनी, नियम, मेहुणा, सगळे गेले उडत. घड्याळजींनी कोपर टेबलात रुतवलं, श्वास कोंडला, मानेच्या शिरा ताठ झाल्या. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या तरी पापणी हलली नाही. स्प्रिंग सरळ झाली, चाक बसलं, घड्याळ चालायला लागलं.

"वा!" डॉक्टर मनापासून म्हणाले. "काय हात आहे हो तुमचा!"

आणि आमचे घड्याळजी, काय सांगावं, चक्क खुलले! "चाळीस वर्षं झाली," म्हणाले.

डॉक्टरांनी अहवालात लिहिलं: हात स्थिर आढळला, नसेला इजा दिसत नाही.

बाहेर बाकावर बायको आणि मेहुणा थांबले होते. मेहुण्याने कागद वाचला आणि कपाळच बडवून घेतलं. "सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही!" असं ओरडत तो तसाच आत घुसला. आतून डॉक्टरांचा शांत आवाज आला, की तपासणी संपली आहे, सगळं कॅमेऱ्यात आहे, आता काही करता येणार नाही.

इकडे घड्याळजींचा हात असा थरथरत होता, की कोटाचं एक बटण लागेना. ते बघून बायकोचा स्फोट झाला.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! घरी माझ्यासमोर चहाचा कप धरवत नाही, अर्धा बशीत सांडतो. आणि त्या परक्या माणसासमोर हात बरा स्थिर धरवला?"

"परक्यासमोर नाही गं जमत थरथरायला," घड्याळजी म्हणाले. "तुझ्यासमोर जमतं."

तिला अजून खूप बोलायचं होतं, दोन वर्षांचं साठलेलं होतं. पण ती पुढे झाली आणि त्यांच्या कोटाची बटणं खालपासून वरपर्यंत लावून दिली.

"दुकानाची किल्ली मालकाला मी देऊन येईन," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका. त्याच्यासमोरही हात आवरत बसाल."