पवना-इंद्रायणी अभ्यास मंडळाची मान्यता

तळेगावच्या स्टेशनाजवळ नवं कॉलेज निघालं, त्याला वर्षही झालं नव्हतं. विद्यापीठाचे लोक पाहणीला आले आणि त्यांनी प्रिन्सिपॉलसाहेबांना विचारलं, तुमच्याकडे विद्यार्थ्यांची मंडळं किती? मंडळ एकही नव्हतं. खुद्द कॉलेजचीच मान्यता अजून तात्पुरती, त्यामुळे साहेबांना घाई झाली. दुसऱ्याच दिवशी फळ्यावर सूचना लागली. पंधरा सभासद, लेखी घटना, अध्यक्ष म्हणून एक प्राध्यापक आणि महिन्याला एक कार्यक्रम, एवढं दाखवा आणि मान्यता घ्या. मान्यता मिळालेल्या मंडळाला बसायला खोली मिळेल.

शेवटची ओळ द्वारकेनं दोनदा वाचली.

द्वारका चिंचवडहून यायची. वर्ग दोनला सुटत आणि चिंचवडकडे जाणारी गाडी थेट साडेपाचला. मुलींच्या खोलीला सोजराबाई, म्हणजे कॉलेजातली एकुलती एक बाई शिपाई, दुपारीच कुलूप घालून घरी जाई. मग द्वारका फलाटावरच्या बाकावर पुस्तक उघडून बसायची. देहूरोड-चिंचवडची पोरंही तिथंच हुंदडत असायची. आणि तिच्या दुर्दैवानं स्टेशनातला पार्सल क्लार्क बबनराव चिंचवडला तिच्या शेजारी राहायचा. त्यानं वडिलांच्या, अर्जुनरावांच्या कानावर घातलं. वाईटसाईट काही सांगितलं नाही. "तुमची मुलगी रोज फलाटावर दिसते हो," एवढंच म्हणाला, आणि तेवढं पुरलं.

अर्जुनराव देहूरोडच्या लष्करी डेपोत स्टोअरकीपर होते. साताऱ्याकडून इकडे येऊन, एकेक भांडं जमवून त्यांनी संसार मांडला होता, आणि लोक काय म्हणतील याची धास्ती त्यांनी गावाहून सोबतच आणली होती. आवाज न चढवता ते म्हणाले, "बसायला चार भिंती असतील तर शीक. नाहीतर घरी बस. दिवाळीपर्यंत बघतो." अर्जुनराव बोलले की बोलले, हे द्वारकेला ठाऊक होतं.

तिनं गुलजारला गाठलं. हा देहूरोडच्या एका मोटार मेकॅनिकचा मुलगा. बापाला इंजिन खोलायची जेवढी हौस, तेवढी याला नियम खोलायची. एका आठवड्यात त्यानं सहा पानी घटना लिहून काढली. अडलं ते एका ठिकाणी. घटनेत उद्देश लिहावा लागतो, आणि आम्हाला बसायला जागा नाही हा काही उद्देश होत नाही.

"कुस्तीचं मंडळ काढू की," हिंदुराव म्हणाला. हा महाळुंग्याहून सायकलीनं यायचा. त्याचा गाडीशी काडीचा संबंध नव्हता. खोली मिळाली की कॅरम मांडता येईल, एवढ्यासाठी तो सभासद झाला होता.

"तुमच्या कुस्तीत मी कुठं बसू?" द्वारकेनं विचारलं.

शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं, की आपण सगळे पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या आसपासचे. झालं! पवना-इंद्रायणी अभ्यास मंडळ. भूगोलाच्या प्राध्यापकांनी अध्यक्षपद आनंदानं पत्करलं, अट एकच, की वर्ग सुटल्यावर त्यांना थांबवायचं नाही.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी घटना वाचून मान डोलावली. मग नावं वाचली आणि मान थांबली. चौदा मुलगे आणि एक मुलगी. मुलं-मुली एकत्र असलेल्या मंडळाच्या खोलीत कॉलेजच्या नोकरीतली एक स्त्री हजर असली पाहिजे, असा नियम होता. कॉलेजात स्त्री प्राध्यापक एकही नव्हती.

"हिचं नाव काढा, लगेच मान्यता देतो," साहेब म्हणाले.

"मग आम्ही चौदाच राहतो, सर," गुलजार म्हणाला.

साहेबांनाही मंडळ हवंच होतं. ते चष्मा पुसत बसले. तेवढ्यात मागून हिंदुराव बोलला, "सोजराबाई न्हाईत व्हय नोकरीत? पगार घेत्यात की." साहेबांनी नियम पुन्हा उलटासुलटा वाचला. प्राध्यापक असा शब्द त्यात कुठंच नव्हता.

सोजराबाईनं मात्र साफ नकार दिला. ती कॉलेजच्या मागच्या गल्लीत राहायची. "चारला नळ येतुया. मी हितं खुर्चीत बसले तर माजं पाणी कोन भरंल? तुमचं मंडळ?"



"व्हय, भरंल की," हिंदुराव म्हणाला.

अशा रीतीनं मंडळाला मान्यता मिळाली. जिन्याखालची एक कोंदट खोली, एक टेबल, दोन बाकं आणि सोजराबाईसाठी खुर्ची. चारच्या सुमाराला दोन सभासद हंडे घेऊन नळावर जात. पहिल्या दिवशी नळावरच्या बायकांना हसू आवरेना. हिंदुरावानं मात्र खांद्यावर भरलेला हंडा घेऊन अशी काही चाल दाखवली, की दुसऱ्या दिवशी बायकांनी त्याला नंबर सोडून दिला. दिवाळीआधी अर्जुनरावांनी विचारलं, "बसायची सोय झाली?" द्वारका म्हणाली, "झाली. चार भिंती आहेत." तिला इतकं हलकं वाटलं, की त्या रात्री ती दोन घास जास्त जेवली.

अभ्यासही थोडाफार होई, नाही असं नाही. गुलजारनं पवनेच्या पुरावर निबंध वाचला, आणि हिंदुरावानं चाकणच्या बाजारावर भाषण केलं, त्यात निम्मी वर्णनं बैलांची होती. पण थंडी पडली तशी नळावर जाणाऱ्यांची चालढकल सुरू झाली. कुणाचा पाय मुरगळला, कुणाची क्रिकेटची मॅच. हिंदुरावाला कॅरममधून उठवेना. एके दिवशी चार वाजले, कुणीच उठलं नाही, आणि सोजराबाई खुर्चीवरून उठू लागली. ती गेली की नियम मोडला, नियम मोडला की खोली गेली. द्वारकेनं पुस्तक मिटलं आणि हंडा उचलला.

त्यानंतर तीच जाऊ लागली. पोरांना आधी लाज वाटली. आठवड्याभरात ती वाटेनाशी झाली. जिच्यासाठी खोली मिळवली ती नळावर उभी आणि बाकीचे खोलीत कॅरम खेळताहेत, यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही. द्वारकेला वाटायचं. पण बोलून पाणी थोडंच भरणार होतं? आणि घराबाहेर भटकते असं कुणी वडिलांना सांगितलं तर काय, ही धाकधूक रोज तिच्यासोबत रांगेत उभी असायची.

फेब्रुवारीतली गोष्ट. पुढच्या वर्षाची मान्यता द्यायच्या आधी प्रिन्सिपॉलसाहेब न सांगता पाहणी करणार, अशी कुणकुण होती. त्या दुपारी द्वारका दुसरी खेप घेऊन गल्लीतून येत होती, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, आणि कॉलेजच्या मागच्या फाटकात तिला अर्जुनराव उभे दिसले, त्या चार भिंती बघायला आलेले.

संपलं, असं तिला वाटलं. घरी काय सांगायचं ते तिच्या डोक्यात जुळेना. फक्त अर्धं वाचून ठेवलेलं पुस्तक आठवत राहिलं.

अर्जुनरावांनी तिला नखशिखांत पाहिलं. मग म्हणाले, "अगं, हंडा कलतोय. सावकाश चल."

बाकी काही नाही. ते तिच्यापुढं वाट मोकळी करत सोजराबाईच्या दारापर्यंत चालत आले, आणि हंडा उतरवायला त्यांनी हातही लावला.

खोलीत काय झालं ते सोजराबाईनं नंतर सांगितलं. "सायेब आन तुजं वडील येकाच टायमाला आलं बग. सायेब म्हनलं, यादीतली मुलगी कुटं हाय? तुजं वडील बी माज्याकडंच बगाया लागलं. पोरांची तर बोबडीच वळली. मी म्हनलं, पाण्याला गेलीया. झालं. दोगं बी गप. सायबांनी सही केली, तुज्या वडलांनी प्याया पाणी मागितलं."

"आणि काहीच विचारलं नाही?"

"पाण्याला गेल्याव काय इचारायचं?"

द्वारकेला राग आला. वडिलांचा आला, साहेबांचा आला, त्या सहा पानी घटनेचाही आला. चिंचवडला ती लहानपणापासून नदीवर पाण्याला जात होती. कुठं चाललीस, किती वेळ लागला, वाटेत कोण भेटलं, असं तिला आजवर कुणी एकदाही विचारलं नव्हतं. गाडीत अर्जुनराव खुशीत होते. "मंडळ चांगलं आहे तुमचं," ते म्हणाले. द्वारकेनं पुस्तकातलं अर्धं राहिलेलं पान उघडलं.

जूनमध्ये कॉलेजात मुलं वाढली आणि ती जिन्याखालची खोली ऑफिसानं घेतली. मंडळाची मान्यता मात्र कायम राहिली. मान्यतेला जागा लागत नाही. गुलजारनं निषेधाचा ठराव लिहिला, हिंदुरावानं कॅरम सायकलीला बांधून महाळुंग्याला नेला. आता द्वारकेचं कसं होणार, म्हणून दोघंही खरोखर हळहळले.

द्वारका सोजराबाईच्या घरी गेली आणि कोपऱ्यात पडलेली एक कळशी तिनं मागितली.

"ती फुटकी हाय की गं. थेंब ऱ्हात न्हाई त्यात."

"फुटकीच द्या. हलकी बरी."

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर ती फलाटावर गेली. नेहमीच्या बाकावर बसली, कळशी पायाशी ठेवली आणि पुस्तक उघडलं. थोड्या वेळानं बबनराव पार्सलाच्या खोलीतून बाहेर आला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग कळशीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा निवळला.

"काय गं, नळाला पाणी नाही वाटतं आज?"

"नाही ना, काका."

"म्युनिसिपालटीचा कारभार, दुसरं काय!" असं म्हणत तो आपल्या कामाला निघून गेला.

द्वारकेनं कळशी पायानं थोडी पुढं सरकवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला नीट दिसेल अशी, आणि ती पुन्हा वाचू लागली.