मयताचा पत्ता

मिलानवर धुकं उतरलं की एर्मेते कोल्नागीला बरं वाटे. नवे काचेचे टॉवर त्यात विरघळून जात आणि कधीच बुजवलेला कालवा रस्त्याखालून वाहताना त्याला ऐकू येई. त्याच्या खुनाच्या कादंबऱ्यांतलं शहर असंच होतं, अर्धं खरं, अर्धं झोपेतलं. इकडे या पुस्तकांना 'पिवळी' म्हणतात. आपल्या मनात येतं ते नव्हे. त्याचा हट्ट एकच होता, खरा पत्ता फक्त मयताला मिळायचा. प्रेत पडे तिथली फुटकी फरशीही तो सोडत नसे. जिवंतांच्या गल्ल्या मात्र मनाला येतील तशा.

म्हणूनच समोरच्या गॅलरीतली इरीदे गाल्बुसेरा त्याच्या दारात आली. दोघं राहत ते आपल्याकडच्या चाळीसारखं घर वसंतात पाडणार होते आणि ती शहराबाहेर लेकीकडे निघाली होती. लग्न होऊन ती इथेच आली, नवराही इथेच गेला. आता या घराची खूणसुद्धा उरणार नाही, याची तिला धास्ती होती.

"पुढच्या पुस्तकात मला मारा," ती म्हणाली. "पण अंगणातला नळ आणि माझ्या कुंड्या नीट लिहा."

"विष चालेल?"

"भातात नको. माझ्या केशरी भाताला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही."

हिवाळाभर तो लिहीत राहिला. कागदावर अंगण धुक्यात तरंगे, इरीदे जिन्यावर येई आणि त्याचा हात थांबे. इतकी माणसं बिनदिक्कत मारलेल्या या गृहस्थाने एका बाईपुढे हात टेकले. त्याचा तिच्यावर जीव होता, दुसरं काय.

सामान बांधून झालं त्या सकाळी त्याने तिला कादंबरी दिली. खोक्यावर बसून ती वाचत गेली. नळ होता, कुंड्या होत्या, पायरीचा टवकाही होता. नळापाशी प्रेत होतं, एका म्हाताऱ्या लेखकाचं. आणि वरच्या गॅलरीतून इरीदे फौजदाराला घरातली एकेक गोष्ट सांगत होती.

"मरायचं मी होतं," ती म्हणाली.

"तुम्ही गेलात तर घराबद्दल सांगणार कोण?"

तिने चष्मा पुसला. "एक चुकलंय. मी वरूनच बघत राहिले, असं लिहिलंय."

"मग?"

इतक्या वर्षांचं 'तुम्ही' तिच्या तोंडून गळून पडलं. "मी धावत खाली आले असते. तुझ्या डोक्याखाली माझी उशी ठेवली असती."

एर्मेतेने पेन काढलं आणि ते वाक्य खोडलं.