शंभर वेळा धुतलेल्या तुपाची वाटी

मी मालनबाईंच्या फडताळातली तांब्याची वाटी बोलते आहे. भाजलेल्या मुलाची कथा घाटकोपरच्या आमच्या चाळीत तीन पाठांत आढळते. पहिल्या पाठात आई भाजल्या जागी दौतीतली शाई ओतते. दुसऱ्यात टूथपेस्ट थापली जाते. हा पाठ शिकलेल्या घरांत अधिक रूढ आहे. तिसऱ्यात शंभर वेळा धुतलेले तूप लावतात. हा पाठ कोकणातून आला आणि त्याची नायिका मी. तिन्ही पाठांत पाण्याला मज्जाव, कारण पाणी लागले की फोड येतो अशी समजूत. मी सांगणार आहे तो चौथा पाठ. तो मला मुळीच आवडत नाही.

कुडाळच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले. मालनबाईंच्या लग्नात मी त्यांच्या ओटीत आले आणि नवरा गुणाजी गिरणीला लागला तेव्हा त्यांच्याबरोबर मुंबईला. दर चैत्रात त्या माझ्यात गाईचे तूप घेत, थंड पाणी घालून तळव्याने घोटत, पाणी ओतून देत, पुन्हा नवे घालत. शेवटी तूप लोण्यासारखे पांढरे होई. कोणाचे मूल भाजले की चाळीतून हाक येई, "मालनकाकी, वाटी!" गिरणी संपात बंद पडली, गुणाजी एका कारखान्याच्या दारावर वॉचमन झाला, पण माझा मान ढळला नाही.

त्याच घरात, मोरीच्या खिळ्याला, एक लाल प्लॅस्टिकचा मग होता. जुन्या साड्यांच्या बदल्यात बोहारणीने दिलेला, कान तडकलेला. त्याच्याशी माझी तुलना व्हावी, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर मी हसले असते.

एप्रिलातली ती दुपार. नळाचे पाणी पहाटेच येऊन गेलेले. दिवसाची सारी भिस्त पिंपावर. सून सुलक्षणा जमिनीवरच्या स्टोव्हवर चहा करत होती. तिची तीन वर्षांची माणिक दुडुदुडु धावत आली आणि तिने टोपाची कड ओढली. कढत चहा तिच्या पंजावर सांडला.

"अगो, वाटी काढ! आधी तूप लाव!" मालनबाई ओरडल्या.

सुलक्षणाने स्टोव्ह विझवला, पोरीला उचलून मोरीत नेले, तिच्या हातातल्या बांगड्या आधी उतरवल्या आणि खिळ्यावरचा मग पिंपात बुडवला.

"पाणी नको गो! फोड येतलो! आणि पिंपात केवढा पाणी आसा, बघतस काय?"

"बघते ना, आई. दवाखान्यातल्या सिस्टरने बजावलंय. साधं पाणी, वीस मिनिटं, ओततच राहायचं. बर्फ नाही, तूप नाही. तुपाने आग आत कोंडते."

"सिस्टर येतली काय सांजच्याक पाणी घेवन?"

बोलता बोलता मालनबाईंनी मला खाली घेतले, दोन बोटांवर तूप काढले आणि त्या मोरीच्या कडेला उभ्या राहिल्या. माझी पाळी आली असे मला वाटले. पण पाण्याची धार पंजावर पडली की माणिकचे रडणे उतरे, आणि तो लाल मग पुन्हा पिंपाकडे वळला की ती किंचाळे. तिसऱ्यांदा ती हुंदक्यातून म्हणाली, "अजून ओत."

तिने माझे नाव घेतले नाही. तूप मागितले नाही. त्या तडकलेल्या कानाच्या भांड्याकडे तिने हात पसरला.

मालनबाईंच्या बोटांवरचे तूप वितळू लागले. त्यांनी ते माझ्याच काठाला पुसले. पिंपाचा तळ दिसला तेव्हा त्या आत गेल्या आणि पिण्याच्या पाण्याची कळशी उचलून आणली. "घे. वत."

त्यानंतर स्वच्छ धुवट फडके सैलसर गुंडाळून दोघी माणिकला दवाखान्यात घेऊन गेल्या. छोटा फोड आला होता; तो फोडायचा नाही, एवढी ताकीद मिळाली. संध्याकाळी गुणाजी कामावरून आला आणि हातपाय धुवायला पाणी शोधू लागला.

"पाणी खंय गेला?"

"चेडवाच्या हातार," मालनबाई माणिककडे बोट दाखवत म्हणाल्या.

मी या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला आहे. शंभर धुण्यांत तूप माझ्यापाशी राहिले आणि पाणी दर वेळी मोरीत गेले. थंडावा नेमका कोणाचा होता, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. आता तो मला विचारावा लागतो, आणि त्यामुळे मगाविषयीचा माझा मत्सर कमी होत नाही, उलट वाढतो. तरीही वाचकहो, तुमच्या घरी लेकरू भाजले तर मला फडताळातच राहू द्या. हे मी आनंदाने सांगत नाही.

पुढच्या आठवड्यात शेजारची प्रेमा धावत आली. तिच्या धाकट्याचा पाय तापल्या तव्याला लागला होता. "काकी, वाटी द्या ना, लवकर!"

मी घासलेली होते, तुपाने भरलेली होते, हाताशी होते.

"वाटी कित्याक?" मालनबाई म्हणाल्या. "जा, पोराक मोरीत बसव."

त्यांनी खिळ्यावरून मग काढला आणि त्या प्रेमाच्या मागोमाग गेल्या.